ताप आला तर घरी बसा, पगार कापणार नाही (सांगली, चार वाजताचं शटर)

मारुतीरोडकर | ३ ऑगस्ट २०२१, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचतो, पण धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय कोरोनातली दुकानं, कोरोनाची टेस्ट आणि कामाला येणारी माणसं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आज दुकानाची फरशी तिसऱ्यांदा धुतली. पाणी ओसरून आठवडा होऊन गेला तरी शटरच्या खाचेतून गाळ निघतोच आहे. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, यंदा ५४ च्या वर. यंदा माल वेळेत माळ्यावर चढवला म्हणून वाचला, पण खालच्या कप्प्यातले पंधरा-वीस तागे राहिलेच. वरून कोरडे दिसतात. घडी उलगडली की आतून नदीचा वास येतो आणि कडेला तांबूस रेघ. ते काही विकता येणार नाहीत.

काल मुख्यमंत्री पूर बघायला सांगलीतच होते. दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवण्याचा निर्णय होणार हे इथूनच कळलं. पेठेत लोक एकमेकांना फोन करून सांगायला लागले. संध्याकाळी आदेश आला आणि त्यात बहुतेक जिल्ह्यांना सवलत. राहिलेल्या ११ मध्ये आपण. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नगर, बीड, रायगड, पालघर. आपल्याला निर्बंधांचा तिसराच स्तर. चारला शटर, शनिवार-रविवार बंद. गाळ काढायला सकाळ जाते आणि गिऱ्हाईक यायच्या वेळेला आपण कुलूप लावतो.

पेठेत सगळे चिडलेत. मीही चिडलो. पण रात्री जेवताना डोक्यात जे आलं ते इथे मांडावंसं वाटलं.

७ जूनपासून जे स्तर लागले ते दोन गोष्टींवर: पॉझिटिव्हिटी रेट आणि ऑक्सिजनचे किती बेड भरलेत. रेट पाच ते दहाच्या मध्ये असेल किंवा बेड चाळीस टक्क्यांच्या वर भरले असतील तर तिसरा स्तर. आता रेट म्हणजे काय, तर शंभर तपासले त्यात किती सापडले. आपल्या पेठेत तपासायला जातो कोण? ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो. ज्याला नुसती कणकण आहे, घसा खवखवतोय, तो तापाची गोळी घेऊन कामावर येतो. मग तपासलेल्यात सापडणारे जास्त दिसणारच. १०० जणांत १० सापडले तर दहा टक्के, आणि तेच १० जण २५० जणांत सापडले तर चार.

आता खरं सांगायचं ते सांगतो. ही कणकण लपवायला मीच शिकवलं आहे.

आमच्याकडे एक जण बारा वर्षं आहे, सगळे त्याला तात्या म्हणतो. गादीवर बसून ताग्याचं माप त्याच्याइतकं सरळ कुणी फाडत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी सगळ्यांना अर्धा पगार दिला. जूनमध्ये उघडलं. जुलैत तात्याच्या शेजारचं घर पॉझिटिव्ह निघालं, त्याला चौदा दिवस घरी बसावं लागलं. ते चौदा दिवस मी कापले. हिशेबाच्या वहीत ‘खाडा’ लिहून कापले.

सप्टेंबरमध्ये, जेव्हा आपल्याकडे बेड मिळत नव्हते, तेव्हा तात्याला ताप आला. तो रोज सकाळी घरी गोळी घ्यायचा, दुकानाशी यायचा, मी थर्मल गन लावायचो, ९७ दिसायचं, आत यायचा. चार दिवस. पाचव्या दिवशी चहा हातात घेऊन म्हणाला, ‘मालक, ह्यात आलं घातलंय का?’ आलं एवढं घातलेलं की मला ठसका लागला होता. त्याला वासच येत नव्हता.

त्या चहानंतर तिसऱ्या दिवशी माझे वडील तापले. दुपारी अँटिजेन पॉझिटिव्ह, रात्री ऑक्सिमीटरवर ८८. सहा ठिकाणी फिरून पहाटे मिरजेत बेड मिळाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. आले परत, देवाची कृपा. पण माळ्याची शिडी आता चढत नाहीत. पूर आला त्या रात्री खाली खुर्चीत बसून ‘तो गठ्ठा आधी, तो गठ्ठा आधी’ एवढंच सांगत होते.

तात्या बरा होऊन आला तेव्हा मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, ‘मागच्या वेळेला पंधरा दिवस बसलो तर तुम्ही कापले. पोरीच्या शाळेसाठी मोबाईल घेतलेला, हप्ता चालू होता.’ रागानं नाही म्हणाला, जे आहे ते सांगितल्यासारखं म्हणाला. मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: ताप, खोकला, घसा, वास जाणं, काहीही असलं तर फोन करायचा, यायचं नाही, पगार चालू. टेस्ट करायची, खर्च दुकानाचा. एका माणसाचे चौदा दिवसांचे आमच्याकडे ४,२०० रुपये होतात. वडिलांच्या अकरा दिवसांचं बिल मी इथे लिहीत नाही.

पेठेतल्या इतर दुकानदारांनीही हे करावं आणि सगळ्यांनी मिळून नियमित टेस्ट कराव्यात, असं व्यापारी मंडळींच्या बैठकीत मांडायचं आहे. तुमचं काय मत? आणि टेस्टबद्दल जाणकारांनी सांगावं, किती दिवसांनी करावी, कुठली करावी.

संथ_वाहते | ३ ऑगस्ट, रात्री ११.१५

वडील सुखरूप आले हे वाचून बरं वाटलं. पण मुद्द्याशी सहमत नाही. आधी महापूर, मग लॉकडाऊन, मग दुसरी लाट, परत पूर. दुकानदारानं अजून किती करायचं? रेट जिल्ह्याचा काढतात. आटपाडी, जत कुठे आणि मारुती रोड कुठे! तिकडच्या गावात रुग्ण निघाले की इकडे शटर खाली. आणि चारपर्यंतच वेळ असल्यानं दहा ते चार नुसती झुंबड होते. वेळ वाढवली तर गर्दी विभागेल, हे साधं आहे. सरकारला हे सांगायचं सोडून आपण आपल्याच खिशातून टेस्ट आणि पगार?

मारुतीरोडकर | ३ ऑगस्ट, रात्री ११.३२

वेळेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. निवेदनात तो मुद्दा पहिला आहे. पण निवेदन देऊन होईपर्यंत उद्या सकाळी दहाला सात माणसं माझ्या दुकानात येणार आहेत. त्यांच्यापैकी कुणाला रात्री ताप आला तर तो मला फोन करेल का, हा प्रश्न माझा आहे. तो सरकारकडे नेता येत नाही.

स्वॅबवाली | ४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

मारुतीरोडकर दादा, तुमचं गणित बरोबर आहे, पण दोन गोष्टी सांगते.

पहिली. २५ जूनच्या आदेशापासून स्तर ठरवताना फक्त आरटीपीसीआरचा (लॅबमध्ये होणारी टेस्ट) रेट धरतात, अँटिजेनचा (जागेवरच होणारी झटपट टेस्ट) नाही. त्यामुळे पेठेत अँटिजेनचं शिबिर घेतलंत तर त्यानं स्तर हलणार नाही. आणि खरं सांगू का, रेट खाली आणण्यासाठी टेस्ट करूच नका. धडधाकट माणसांच्या रांगा लावून टक्केवारी खाली दिसेल, पण त्या रांगेमुळे खरोखर आजारी असलेल्याचा रिपोर्ट दोन दिवस मागं पडेल. टेस्ट करायची ती माणूस वेळेत सापडावा म्हणून.

दुसरी. कुठली टेस्ट कधी हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक त्यातच चुकतात.

अँटिजेन पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात निकाल देते. पॉझिटिव्ह आली तर धरून चाला की आहे. पण निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. आयसीएमआरनं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) जून २०२० मध्ये या किटला परवानगी देताना संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के सांगितली होती. म्हणजे शंभर बाधितांतले सोळापासून जवळजवळ निम्म्यांपर्यंत निसटू शकतात. म्हणूनच लक्षणं आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह, तर आरटीपीसीआर करायचीच करायची. इथेच लोक थांबतात. निगेटिव्हची चिठ्ठी खिशात घालतात आणि लग्नाला जातात.

आरटीपीसीआरमध्ये नाकातून आणि घशातून स्वॅब घेतो, काडी गुलाबी पाण्याच्या ट्यूबमध्ये मोडून टाकतो (त्याला व्हीटीएम म्हणतात), ट्यूब बर्फाच्या पेटीतून लॅबला येते. तिथं आधी विषाणूचं आरएनए वेगळं करायचं, मग मशिनमध्ये त्याच्या प्रती वाढवत न्यायच्या. जितक्या कमी फेऱ्यांत सापडला तितका विषाणू जास्त. सीटी व्हॅल्यू म्हणतात ती हीच. ३५ पर्यंत सापडला तर पॉझिटिव्ह. एका प्लेटमध्ये ९६ खाने असतात आणि त्यात आमचे कंट्रोलही (टेस्ट नीट चालली का ते कळायला लावलेले नमुने) असतात. कंट्रोल बिघडला तर अख्खी प्लेट परत लावावी लागते. रिपोर्टला उशीर झाला की लोक खिडकीशी येऊन ओरडतात. त्यांचंही बरोबर असतं, घरात माणूस वेगळा बसवलेला असतो. पण आत काय चाललंय ते कळावं म्हणून लिहिलं.

आणि स्वॅब देताना मान मागं खेचू नका हो. काडी नाकाच्या पुढच्या भागातच फिरली की विषाणू असून सापडत नाही. डोळ्यात पाणी आलं म्हणजे नीट घेतला असं समजा.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे फॉर्मवर मोबाईल नंबर मुद्दाम चुकीचा लिहितात. दहाच्या जागी नऊ आकडे. दारावर फलक लागू नये, दुकान बंद पडू नये म्हणून. मग पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन आम्ही नुसत्या बसतो आणि तो माणूस कुठेतरी गिऱ्हाइकाला माल दाखवत असतो. तुमच्या तात्यांसारखाच. दादा, तुम्ही पगाराचं जे लिहिलंय ना, त्यानं हा दहावा आकडा भरला जाईल असं मला वाटतं.

किती दिवसांनी करावी: लक्षणं असली तर त्याच दिवशी. पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ बसला असाल तर लगेच धावू नका, पाचव्या दिवसाच्या आसपास करा, तोवर वेगळे राहा. आणि बरं झाल्यावर ‘निगेटिव्ह दाखव मगच ये’ असं कामगाराला म्हणू नका. मेलेल्या विषाणूचे तुकडे आठवडे आठवडे सापडत राहतात. सौम्य आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, तर परत टेस्टची गरज नाही, असं केंद्राच्या घरगुती विलगीकरणाच्या सूचनेतच आहे.

झोपते आता.

खानावळ_कराड | ४ ऑगस्ट, सकाळी ९.०५

स्वॅबवाली ताई, हे छापून भिंतीवर लावतो.

आम्ही शेजारच्या जिल्ह्यातले, पण दुखणं एकच. एप्रिलमध्ये नियम आला तेव्हा डबे पोचवणाऱ्या पोरांना लस नाहीतर पंधरा दिवसांच्या आतली निगेटिव्ह आरटीपीसीआर. नसेल तर पोराला हजार आणि आम्हाला दहा हजार दंड. लस तेव्हा ४५ च्या वरच्यांना, माझी पोरं पंचविशीची. चार पोरं, महिन्याला दोन वेळा, केंद्रावर जाऊन ५०० रुपये. म्हणजे महिन्याचे चार हजार, आणि ताट विकायचं सत्तरला. त्यात एकाचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. पंधरातले सहा दिवस तिथेच गेले. तेव्हा मी भयंकर वैतागलो होतो.

पण त्याच रिपोर्टांमध्ये एक पोरगा पॉझिटिव्ह निघाला. काही लक्षण नव्हतं. रोज अडतीस घरांत डबा देत होता, त्यातली निम्मी घरं एकट्या म्हाताऱ्या माणसांची. मी त्या अडतीस घरांना स्वतः फोन केले. काही जणांनी डबा बंद केला. एका आजींनी मात्र विचारलं, ‘त्या पोराला कोण डबा देतंय?’ त्या दिवसापासून त्याचा डबा मीच नेऊन दिला, त्याच्या खोलीच्या दारात स्टुलावर ठेवून.

आता चारपर्यंत निम्मी टेबलं, नंतर पार्सल, शनिवार-रविवार फक्त पार्सल. चालवतोय.

सुईदोरा | ४ ऑगस्ट, दुपारी २.२०

मी मालक नाही. एका दुकानात काउंटरला आहे (नाव सांगत नाही, गावही सांगत नाही). म्हणून कामाला जाणाऱ्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडे ताप आला म्हणून सांगितलं तर पगार तर जातोच, पण ‘हिला झालेला’ असं नाव पडतं. माझी मैत्रीण बरी होऊन आली तर तिचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. दोन महिने. तिला ते पैशापेक्षा जास्त लागलं. तुम्ही पगार देणार, फार चांगलं आहे दादा, पण परत आल्यावर त्या माणसाला पहिल्या दिवशी काय वागणूक मिळते तेही बघा. बाकीच्या सहा जणांना आधी सांगून ठेवा.

आणि एक. बायका लवकर सांगत नाहीत, कारण घरी बसलं तरी घरी बसणं होत नाही. एका खोलीत वेगळं राहायचं म्हणतात, आमच्या घरात खोल्या दोन आणि माणसं सहा. वेगळं राहायची सोय असलेलं केंद्र जवळ कुठे आहे, एवढं जरी मालकानं शोधून दिलं तरी खूप आहे.

मारुतीरोडकर | ४ ऑगस्ट, दुपारी ४.१०

सुईदोरा ताई, तात्या परत आला तेव्हा आमच्याकडेही पहिले काही दिवस त्याच्या शेजारी गादीवर कुणी बसत नव्हतं. मला दिसलं होतं आणि मी काही बोललो नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा आठवलं. हे नियमात घालतो. विलगीकरण केंद्रांचे पत्ते आज संध्याकाळीच विचारून घेतो, शटर लावलंच आहे.

यार्डातला_दिवाणजी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ७.४५

आमच्या यार्डातलं सांगतो. हळद असो का बेदाणा, माल हातात घेतल्याशिवाय सौदा होत नाही. बेदाण्याचा नमुना प्लेटमध्ये मांडलेला असतोय, दहा खरेदीदार त्याच प्लेटमधून उचलून बघणार, एक-दोन दाणे तोंडात टाकणार. मास्क खाली आलाच. वीस साली सौदे बंद झाले तवा शेतकऱ्याचा माल कोल्ड स्टोरेजला पडून होता, भाडं चढत होतं. परत चालू झाले तवा अंतर ठेवून, माणसं मोजून.

पण मला सांगायचंय ते हमालांचं. हमालाला पगार नाही, बॉक्सवर आणि पोत्यावर मजुरी. त्याला चौदा दिवस पगारी रजा कोण देणार? तो आज ह्या अडत्याकडं, उद्या त्या अडत्याकडं. हळदीची पोती पाठीवर घेऊन मास्क लावून दहा पावलं चालून बघा, दम कोंडतोय. आमच्या इथं एका तरण्या हमालाला मे महिन्यात धाप लागली, सगळे म्हणले पोत्यानं लागली असंल. दोन दिवसांनी कळलं. वाचला नाही पोरगा. दोन लेकरं हाईत.

तुमची योजना चांगली आहे मारुतीरोडकर, पर ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्याचं काय ते पण बैठकीत काढा.

वाळव्याची_लेक | ४ ऑगस्ट, रात्री ९.३०

दिवाणजी काका, वाचून गलबलून आलं.

मी इस्लामपूरची. २३ मार्च २०२० ला आमच्याकडे एका घरातले चौघे पॉझिटिव्ह आले, परदेशातून यात्रा करून आलेले. आठवडाभरात आकडा पंचविशीपर्यंत गेला. तेव्हा मिरजेत टेस्ट होत नव्हती, नमुने पुण्याला एनआयव्हीला (विषाणू संस्थेत) जायचे. रिपोर्ट येईपर्यंत सगळं गाव श्वास धरून. टीव्हीवर दिवसभर आमच्या गावाचं नाव. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून विचारायचे, ‘तुमच्या गल्लीत नाही ना?’ दुधाच्या गाडीला पुढच्या गावात उभं करून घेत नव्हते.

आमचा भाग सील होता. आशाताई रोज यायच्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारायच्या: ताप? खोकला? कुणी पाहुणा? वहीत टिक करून पुढच्या दाराला. ऊन कडक. आई त्यांच्यासाठी माठातलं पाणी तांब्यात भरून कट्ट्यावर ठेवायची, आम्ही आत गेलो की त्या प्यायच्या. भाजी, दूध, औषध घरपोच येत होतं. घरात बसून राहणं जमलं ते त्यामुळे. इस्लामपूर पॅटर्न म्हणून नंतर कौतुक झालं, त्यात लोकांची शिस्त सांगतात. शिस्त होतीच, पण दारात भाजी आली नसती तर किती दिवस टिकली असती?

त्या कुटुंबाला लोक जे बोलले ते मात्र अजून आठवतं. आजार त्यांनी मुद्दाम आणला असल्यासारखं. ते बरे होऊन आले. बोलणारे तेच आहेत, शेजारी तेच आहेत. सुईदोरा ताईंचा ग्लास वाचला आणि ते आठवलं.

कैचीकंगवा | ५ ऑगस्ट, सकाळी ८.००

सलून आहे, विश्रामबागला. गेल्या वर्षी तीन महिने बंद, २८ जूनला उघडायला परवानगी. तीसुद्धा फक्त केस कापायला, दाढी नाही. एप्रन, एकदाच वापरायचा टॉवेल, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची. दाढीशिवाय सलून म्हणजे निम्मा धंदा. यंदा परत एप्रिल-मे बंद.

आमचं काम एका हाताच्या अंतरावरच होतं, दुसरा मार्ग नाही. त्यामुळे मी दुकानात दोन खिडक्या पाडून घेतल्या. एसी बंद, पंखा खिडकीकडे तोंड करून. आतली हवा बाहेर जाते. खर्च झाला, पण सॅनिटायझरच्या ड्रमपेक्षा हे मला जास्त खात्रीचं वाटतं. कापड दुकानं खोल असतात, मागं अंधार, हवा कोंडलेली. मारुतीरोडकर, तुमचं मागचं दार उघडतं का? पुरानंतर ओल आहे, तसंही उघडायलाच पाहिजे.

मारुतीरोडकर | ५ ऑगस्ट, दुपारी १.३०

मागचं दार आठ वर्षं मालानं बंद होतं. पुरासाठी माल हलवला म्हणून दिसलं तरी. आज कडी ठोकून उघडलं. समोरून मागे वारा जातो हे मी या दुकानात पहिल्यांदा अनुभवलं.

संथ_वाहते | ८ ऑगस्ट, रात्री १०.००

बैठकीचं काय झालं?

मारुतीरोडकर | ८ ऑगस्ट, रात्री १०.५०

बैठक झाली. वेळ वाढवण्याच्या निवेदनावर सगळ्यांच्या सह्या. पगाराच्या मुद्द्यावर बराच वाद. काही जण म्हणाले, पुरात दुकान गेलं, आता आम्हालाच कुणी पगार द्या. त्यांना मी काय बोलणार? ज्यांचं सगळं पाण्यात गेलं त्यांच्याकडून ही अपेक्षा नाहीच. शेवटी नऊ दुकानांनी मान्य केलं. दर महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम एका डब्यात. ज्याचा माणूस आजारी पडेल त्याच्या पगाराचा निम्मा भार त्या डब्यातून. हमालांचा विषय दिवाणजींच्या शब्दांत मांडला. आमच्या गल्लीत गठ्ठे उतरवणारे चौघे आहेत, त्यांना या डब्यात धरलं. यार्डाचं आमच्या हातात नाही, पण तिथले दोन अडते ऐकायला आले होते.

संथ_वाहते | ८ ऑगस्ट, रात्री ११.०५

माझं म्हणणं अजून तेच आहे की हा भार शासनानं उचलायला हवा. पण दहावं दुकान माझं धरा. उद्या येऊन भेटतो.

खानावळ_कराड | १२ ऑगस्ट, सकाळी ७.३०

कालचा आदेश बघितलात का? १५ ऑगस्टपासून दुकानं रात्री दहापर्यंत, हॉटेलंही, पण कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेले पाहिजेत. माझ्या पोरांना जुलैत पहिला मिळाला, तोही पहाटे पाचला रांग लावून. कोव्हिशिल्डला ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे ऑक्टोबर उजाडणार. उघडायचं तर माणसं कुठून आणू?

स्वॅबवाली | १२ ऑगस्ट, दुपारी ३.००

खानावळ दादा, एप्रिलमध्ये ज्या पंचेचाळीसच्या वरच्यांनी घेतला त्यांचे दोन्ही झाले असतील. आचारी, वाढपी यांच्यात कुणी असेल तर बघा. आणि ज्यांचा एकच झालाय त्यांना लक्षणं दिसली तर लगेच पाठवा, लस घेतली म्हणून टेस्ट टाळू नका. लस घेतलेलेही आमच्याकडे पॉझिटिव्ह येतात, फक्त त्यांच्यातले ऑक्सिजनपर्यंत पोचणारे खूप कमी असतात. माझ्या पाळीत मला हा फरक रोज दिसतो.

मारुतीरोडकर | १६ ऑगस्ट, रात्री १०.२०

आज सोमवार. दुकान साडेनऊपर्यंत उघडं होतं.

दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेले आमच्याकडे तिघेच: मी, तात्या आणि शिलाईच्या मावशी. तिघांवर चालवलं. सात वाजता रस्त्यावर दिवे लागलेले आणि आपलं शटर वर, हे एप्रिलनंतर पहिल्यांदा. गिऱ्हाईक फार नव्हतं, पण समोरच्या भडंगवाल्याकडे लोक उभे होते, पावसाची भुरभुर चालू होती, मागच्या दारातून वारा येत होता. वडील दोन तास खुर्चीत येऊन बसले.

दुसरं सांगायचं राहिलं. सकाळी आठला आमच्या काउंटरवरच्या सर्वांत लहान मुलीचा फोन आला. एकवीस वर्षांची आहे, लागून तीन महिने झालेत. म्हणाली, ‘काका, घसा धरलाय, रात्री कणकण होती, मी येत नाही.’ मी म्हटलं, येऊ नकोस. तात्या तिला घेऊन केंद्रावर गेला, त्याच्या गाडीवर नाही, रिक्षात, दोघांनी मास्क लावून, रिक्षाचे पडदे वर. अँटिजेन निगेटिव्ह आली. स्वॅबवाली ताईंनी लिहिलेलं लक्षात होतं, म्हणून आरटीपीसीआरचा स्वॅबही दिला. फॉर्मवर नंबर तात्यानं स्वतः वाचून घेतला, दहा आकडे मोजून. रिपोर्ट यायचा आहे. तोवर तिच्या काउंटरला मी बसतोय.